शेकाची खोली

माहुलच्या कोळीवाड्यात चूल सांभाळायला पोरींना कुणी शिकवलं, असं विचारलं असतं तर निम्म्या घरांतून सरूबाईचं नाव आलं असतं. शिकवणं कसलं, ओरडणंच ते. येताजाता कुणाच्याही पडवीत डोकावायची आणि तिथूनच आवाज लावायची. "पदर खोच आधी!" "रॉकेल ओततेस? चूल हाय ती, चिता नाय!" "जळतं लाकूड बाहेर लोंबतंय, पोर पाय देईल ना त्याच्यावर!" चुलीपाशी पाण्याची कळशी भरलेली दिसली नाही तर ती स्वतः भरून ठेवायची, आणि मग दोन दिवस त्या घरच्या सुनेला टोमणे मारायची.

भरतीबरोबर खाडीतून फळकुटं वाहत यायची. बाया ती गोळा करून वाळवायच्या. सरूबाई प्रत्येक लाकूड अंगठ्याने चोळून बघायची, नाकाशी न्यायची. पलीकडच्या तेलाच्या कारखान्यांपासून खाडीवर तवंग यायचा, तो लाकडात मुरायचा. असं लाकूड चुलीत घातलं की भडका उडायचा आणि काळा धूर छातीत बसायचा. तसलं लाकूड ती उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिच्या चुलीने कुणाचं बोटसुद्धा भाजलं नव्हतं.

धुराला ती भ्यायची. निखाऱ्याला मात्र नाही. धूर गेला, लाल निखारा उरला, की चूल निर्मळ झाली, असं तिची आई म्हणायची आणि तिच्या आईची आईही. त्यामुळे गावात कुणी बाळंत झालं की शेक द्यायला सरूबाईला बोलावणं यायचं. चुलीतले चांगले फुललेले निखारे घमेल्यात घ्यायचे, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, घमेलं खाटेखाली सरकवायचं आणि बाळंतिणीला वर निजवायचं. सकाळी घाटकोपरच्या बाजारात म्हावरं विकून ती दुपारच्या आत परतायची आणि अंगावरचं लुगडं बदलून शेकाला जायची. वीस वर्षांत तिने किती बायकांची कंबर शेकून दिली, याला गणती नव्हती.

तिला एकच लेक, मथुरा. दोन मुलगे तान्हेपणीच गेले, त्यानंतरची ही. वेसाव्याच्या रामनाथला दिली होती. रामनाथ मोठ्या होडीवर जायचा, घरचं बरं होतं, सासू जरा कडक पण वाईट नव्हती. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत मथुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सरूबाईला झालेला आनंद तिच्या ओरडण्यातूनही लपत नव्हता.

लेक यायची म्हणून त्या वर्षी घरही नवं केलं होतं. मागची खोली आधी कुडाची होती. कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंती आणि वर जुनी कौलं. वारा कुठूनही यायचा, कुठूनही जायचा. सरूबाईचा नवरा भिकाजी याने पावसाळा सरताच ती पाडून विटांची खोली बांधली, सिमेंटचा गिलावा केला, वर सिमेंटचे पत्रे चढवले आणि खाडीकडे एक खिडकी ठेवली. भिकाजी कमी बोलणारा माणूस. खोली पुरी झाली तेव्हा भिंतीवर हात फिरवून तो एवढंच म्हणाला, "आता थंडी नाय लागायची पोरीला."

मग डिसेंबरात भोपाळच्या वायुगळतीची बातमी आली.

ती बातमी सगळ्या मुंबईने वाचली, पण माहुलमध्ये ती वेगळी ऐकली गेली. इथे दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर टाक्या आणि धुरांडी. वास तर रोजचाच होता, इतका की पाहुण्यांनी नाक धरलं तरच आठवण व्हायची. आता मात्र वारा फिरला की बायका हातातलं टाकून बाहेर येऊन आभाळाकडे बघू लागल्या. कुणी म्हणे, ओलं फडकं तोंडाला बांधायचं. कुणी म्हणे, दारंखिडक्या बंद करून आत बसायचं. घरोघर चिंध्या, कागद, डांबर, जे मिळेल ते फटींत बसलं.

मथुराला तेव्हा आठवा सरत होता. एका संध्याकाळी वास जास्तच आला आणि तिला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी भिकाजीने काही न बोलता नव्या खोलीची खिडकी बंद करून फळ्या ठोकल्या, फटींत जुन्या जाळ्याचा कापूस कोंबला आणि वरून सिमेंटचा हात फिरवला. पत्र्याखालच्या फटीही बुजवल्या. सरूबाई खाली उभी राहून त्याला दाखवत होती, "तिथं राहिली बघा. त्या कोपऱ्यात."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मथुरा पालिकेच्या सूतिकागृहात बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीपान, काळ्या जावळाची. चौथ्या दिवशी मायलेकी घरी आल्या आणि सरूबाईने बाजार सोडून दिला. टोपली अंजनाबाईकडे दिली. अंजनाबाई शेजारीण, तिच्याबरोबर बाजारात बसणारी, लहानपणापासूनची मैत्रीण. "बारशापर्यंत तू सांभाळ गिऱ्हाईक," सरूबाई म्हणाली, "मना आता वेल नाय."

रोज सकाळी न्हाऊमाखू, मग शेक. पहिले काही दिवस खोलीचं दार सारखं उघडमीट व्हायचं, बघायला बायका यायच्या, पाणी आणायला, लुगडी न्यायला. तरी सातव्या दिवशी मथुरा म्हणाली, "आये, शेकानंतर डोकं जड होतं गो. गरगरतं."

"रगत गेलंय तुजं. अशक्तपना हाय," सरूबाई म्हणाली. तिने आळिवाची खीर केली, वर तूप सोडलं आणि समोर बसून खायला लावली.

नवव्या दिवशी खाडीवरून बोचरा वारा सुटला होता. मथुराला डोक्यावरून न्हाऊ घातलं होतं, केस ओले होते आणि ती कुडकुडत होती. सरूबाईने नेहमीपेक्षा जास्त निखारे घेतले. घमेलं भरून आणलं, वर धूप, ओवा टाकला, खाटेखाली सरकवलं. दाराखालून गार झुळूक येत होती, तिथे बाहेर जाताना सारायला गोधडीची घडी करून ठेवली. "नीज जरा," ती म्हणाली. "पोरीला मी घेते. ऊन दाखवते."

"दुधाला उठव," मथुरा म्हणाली. एवढंच.

पुढच्या अंगणात भिंतीच्या आडोशाला वारा लागत नव्हता आणि ऊन कोवळं होतं. सरूबाई पाय पसरून बसली, नात पायांवर घेतली आणि खोबरेल चोळू लागली. पोर आधी किंचाळली, मग गप्प झाली. अंजनाबाई बाजारातून आली ती तिथेच टेकली. नाव काय ठेवायचं, वेसाव्याहून किती माणसं येतील, बोलण्यात वेळ गेला.

मध्ये एकदा सरूबाई उठली. पोरीला खांद्यावर घेऊन तिने दार हळूच ढकललं आणि आत डोकावून बघितलं. मथुरा कुशीवर निजली होती. गालांवर लाली आली होती. नऊ दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा असा टवटवीत दिसत होता. शेक लागू पडला, सरूबाईच्या मनात आलं. झोपू दे अजून थोडं. तिने दार लोटलं, पायाने गोधडी पुन्हा नीट सारली आणि उन्हात येऊन बसली.

तासाभराने पोर भुकेने रडू लागली तेव्हा ती आत गेली. हाक मारली. खांदा हलवला. गाल तसेच लाल होते, पण हात खाली लोंबला आणि तसाच राहिला.

मग गाव धावलं. कुणी टॅक्सी आणली, अंजनाबाईने बाळ घेतलं, भिकाजीला खाडीवरून बोलावून आणलं. घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरुण डॉक्टरीण होती. तिने मथुराची नखं बघितली, ओठ बघितले, आणि सरूबाईला बाजूला बाकावर बसवून विचारलं, "खोलीत काही पेटवलं होतं का, मावशी?"

"शेक दिला होता. निखाऱ्यांचा."

"खिडकी उघडी होती?"

सरूबाईने नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरीण तिच्याशेजारी बाकावर टेकली. मग सोप्या शब्दांत तिने सांगितलं. निखारा धुमसतो तेव्हा त्यातून एक वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वारा खेळता असला तर निघून जातो, खोली बंद असली तर साठतो, गाल-ओठ लाल होतात आणि माणूस झोपेतच जातो. "तुम्हाला कसं कळणार, मावशी," ती म्हणाली. "पण बंद खोलीत निखारे कधीच ठेवायचे नसतात."

"आमी पयल्यापासून ठेवतो," सरूबाई म्हणाली. "माज्या आयेनं मनाबी असाच शेक दिला."

"तेव्हा घर कसं होतं?"

कुडाची भिंत सरूबाईच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, सकाळी जिच्यातून उन्हाच्या रेघा जमिनीवर पडायच्या.

गावात मात्र तोवर दुसरंच पसरलं होतं. मथुराला गॅसने मारलं, कंपनीच्या गॅसने. सगळ्यांच्या मनात भीती दबा धरून बसलेली होती, तिला आता चेहरा मिळाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावदेवीच्या देवळापुढे माणसं जमली. दादू बोलायला उभा राहिला. गावाच्या कामात पुढे असणारा, आवाज मोठा, मनाने सच्चा माणूस. "आज भिकाजीची पोर गेली," तो म्हणाला, "उद्या कुनाची? बाळंतीण बाई घरात निजलेली, आनि त्या वासानं गेली! मोर्चा न्यायचा. आता गप नाय बसायचं."

लोक तापले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भिकाजी खाली मान घालून पायरीवर बसला होता. सरूबाई बायकांच्या घोळक्यातून उठली.

"दादू, थांब जरा."

"तू बस, सरूबाय. तुज्यासाटीच चाललंय."

"माज्यासाटी नको." तिचा आवाज, जो एरवी चार घरं पलीकडे जायचा, तो आता पहिल्या रांगेलाही नीट ऐकू येत नव्हता. "वास बाहेरून नाय आला. मी निखारे ठेवले. मी दार लावलं. डागतरनं सांगितलं मना. माज्या हातानं झालं ते."

ती पुढे म्हणाली, "ज्यांच्या घरात बालंतीन हाय त्यांनी ऐका. खोली बंद करून निखारा ठेवू नका. लाल दिसतो, धूर नसतो, तरी मारतो. एवढंच."

खिडकी कुणी बुजवली, ते तिने सांगितलं नाही. भिकाजीने मान वर केली नाही.

दादूने नंतर तिला वाटेत गाठलं. "खरं असंल तुजं," तो म्हणाला, "पन ते तिथं बोलायचं नव्हतं. आता आपन मोर्चा नेला तर ते म्हणतील, तुमच्याच चुलीनं मारलं. कंपनीचा वास काय खोटा हाय का?"

"खोटा नाय," सरूबाई म्हणाली. "पन माजी मथुरा त्यानं नाय गेली रे."

रामनाथ वेसाव्याहून आला तेव्हा त्याने सासऱ्याचे पाय धरले आणि सासूकडे बघितलंच नाही. त्याच्याबरोबर त्याची आई होती. दिवस घालून झाले, तेराव्यानंतर बाळाला घेऊन जायची गोष्ट निघाली. तोवर गल्लीतली एक लेकुरवाळी बाळाला अंगावर पाजत होती आणि सरूबाई पोरीला क्षणभरही खाली ठेवत नव्हती.

"पोर आमी नेतो," रामनाथची आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं, सावधपणा. "माजी मोठी सून पाजते तिच्या पोराला. हिलापन पाजंल."

"थोडे दिवस राहू दे ना गो," सरूबाई म्हणाली. "मी काय..."

तेव्हा रामनाथ पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "आई, मी मथुरा एकदा तुमच्या हवाली केली होती." तो उठून अंगणात गेला.

सरूबाईने पोरीला न्हाऊ घातलं, गुंडाळलं आणि स्वतःच्या हाताने विहिणीच्या मांडीवर दिलं. वेसाव्यात तिचं बारसं झालं. नाव सुलक्षणा ठेवलं, हे माहुलला चार दिवसांनी कळलं.

घरात आता दोघंच. मागच्या खोलीत कुणी जायचं नाही. एका सकाळी सरूबाईला घणाचे घाव ऐकू आले. ती आत धावली. भिकाजी खिडकीच्या फळ्या उचकटत होता. फळ्या निघाल्या, मग चौकट निघाली, तरी तो थांबेना. भिंतीला जिथे गिलावा होता तिथे घाव घालत राहिला. शेवटी दम लागून तो विटांच्या ढिगावर बसला.

"मी बुजवली ही," तो म्हणाला. "तू देवलात उठलीस. माजं नाव घेतलं नाय. मना वाटलं, मी उठावं. पाय उठले नाय."

सरूबाई त्याच्यापुढे जमिनीवर बसली. ती म्हणाली, "मी दार उघडलं होतं."

"कधी?"

"मधी एकदा. ती जिती असंल तवा. मी बघितलं, गाल लाल झालेले. मना वाटलं बरी निजली. मी परत दार लोटलं, आनि..." गोधडीचं तिला सांगवेना. ती नीट सारल्याची हालचाल मात्र पायाने आपसूक केली.

भिकाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. विटांची धूळ तिच्या केसांत राहिली. त्यानंतर या गोष्टीवर त्यांच्यात कधी बोलणं झालं नाही.

शेकाला सरूबाईला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तशी अपेक्षाही नव्हती. पण कुठे पाळणा हलला की ती स्वतःच जायची. दारात उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही, कारण तिची सावली बाळंतिणीवर पडू नये असं आता लोक उघड म्हणायचे. बाहेरूनच विचारायची, "खिडकी उघडी हाय का? निखारे बाहेर ठेवा. शेकायचं तर तापलेली वीट फडक्यात गुंडाळा, गरम पान्याची बाटली घ्या. रात्री निजताना चूल पुरती विझवा, राखेखाली झाकून नुसती ठेवू नका." काही घरांतून "हो, हो" यायचं. काही घरांतून दार लोटल्याचा आवाज यायचा.

पुढच्या वर्षी अंजनाबाईची सून बाळंत झाली. अंजनाबाई मैत्रीण खरी, पण तिनेही त्या दिवसांत सरूबाईच्या घरावरून जायचं टाळलं. एका सकाळी सरूबाईला अंजनाबाईच्या बंद दाराच्या फटीतून ओव्याचा वास आला. तिने दार ढकललं, थेट आत गेली, खाटेखालचं घमेलं ओढलं आणि फडकं न घेता उचलून अंगणात आणलं. दोन्ही तळवे सोलून निघाले. सून घाबरून रडू लागली.

अंजनाबाई ओरडत आली. "येड लागलं का तुना? बालंतिनीच्या खोलीत शिरतेस?"

सरूबाई फुगलेले हात पुढे धरून उभी होती. "शिव्या दे मना," ती म्हणाली. "पन खिडकी उघड."

अंजनाबाईने खिडकी उघडली. नंतर तिने सरूबाईच्या हातांना कोरफड लावली आणि लावता लावता स्वतःच रडली. महिनाभर सरूबाईला टोपली उचलता आली नाही.

रामनाथने दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं. ती बाई चांगली निघाली, सुलक्षणाला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. सरूबाईने ते कळल्यावर देवीला नारळ फोडला. रामनाथचाही राग ओसरला होता. पोर चार वर्षांची झाली तेव्हा तो पहिल्यांदा तिला माहुलला घेऊन आला. सुलक्षणा मथुरासारखी नव्हती, बापावर गेली होती. फक्त हसताना एक गाल जरा वर जायचा.

सरूबाईने तिला तळलेली कोळंबी भरवली, वेणी घातली, खाडीवर नेऊन निवट्या दाखवल्या. चिखलात उड्या मारणारे ते मासे बघून पोर खदखदून हसली. दुपारी दमून ती पडवीत, सगळी दारं उघडी असताना, वाऱ्यात झोपली. उन्हामुळे तिचे गाल लाल झाले होते.

सरूबाईने पाच मिनिटं धीर धरला. मग तिने पोरीला हलवलं. "उठ गो. उठ, सुलू." पोर किरकिरली, डोळे उघडले, पुन्हा मिटले. थोड्या वेळाने सरूबाईने पुन्हा हलवलं. तिसऱ्या वेळी पोर भोकाड पसरून रडू लागली आणि बापाला जाऊन बिलगली. "आजी झोपू देत नाय," ती हुंदके देत म्हणाली. "मना घरी जायचंय."

रामनाथ सासूकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. त्याने पोरीला थोपटलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "आई, परत आणू ना तिला?"

"आन," सरूबाई म्हणाली. "आन रे. मी नाय उठवनार."

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. दुपारी सुलक्षणाचे डोळे मिटू लागले तशी सरूबाई उठली, अंजनाबाईला हाक मारून पोरीपाशी बसवलं आणि बंदराकडे चालू लागली. तिथे भिकाजी जाळं विणत बसला होता. जाळ्याचं दुसरं टोक तिने हातात घेतलं. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. ऊन उतरेपर्यंत ती तिथेच बसली. अधूनमधून मान वळवून घराकडे बघायची आणि पुन्हा समोर बघायची.

बऱ्याच वेळाने वाटेवरून अंजनाबाई पोरीचं बोट धरून येताना दिसली. पोरीचे केस विस्कटले होते, झोप झाल्यामुळे चेहरा सुजट होता. सरूबाईने हातातलं जाळं खाली ठेवलं, पण ती उठली नाही. पोर तिच्याजवळ येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.